वीसपैकी वीस

पेंडसे बाईंना वीसपैकी वीस मार्क पडले तेव्हा मी टाळ्या वाजवल्या. माझ्या विद्यार्थिनींनी वाजवल्या, प्रिन्सिपल मॅडमनी वाजवल्या, बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी चष्मा काढून वाजवल्या. खुर्चीत बसलेल्या पेंडसे बाईंनी मान किंचित झुकवली, शाळेच्या गॅदरिंगला नारळ स्वीकारताना झुकवतात तशी. त्या दिवशी त्यांचं वजन चौतीस किलो होतं. ते वृद्धाश्रमाच्या वजनाच्या वहीत लिहिलेलं होतं. माझ्या तक्त्यात वजनाला रकाना नव्हता.

तक्ता माझा होता, म्हणून ही हकिगत मीच सांगायला हवी.

मी नर्सिंग स्कूलमध्ये ट्यूटर होते. ट्यूटर म्हणजे नर्स घडवणारी नर्स. स्वतः इंजेक्शन देणं सोडलेली आणि दुसरीने ते कसं चुकीचं दिलं हे सांगण्यात पटाईत झालेली. वय अडतीस. साडीला कडक इस्त्री, काखेत फाइल, चष्म्याला नवीन दोरी. तेव्हाची ती गायकवाड मॅडम आज समोर आली तर मी तिला चहासुद्धा विचारणार नाही.

आमच्या मुलींना तिसऱ्या वर्षी मानसिक आजारांचं पोस्टिंग असायचं, म्हणजे वॉर्डात राहून शिकायचं. ते मनोरुग्णालयात व्हायचं. तिथे मुलींना ओरडणारे, धावणारे, भिंतीशी बोलणारे पेशंट दिसायचे. त्यामुळे मन बिघडलं की माणूस आवाज करतो, असा त्यांचा पक्का समज व्हायचा. म्हातारी माणसं आवाज करत नाहीत. त्यांना डिप्रेशन आलं तर ती रडतीलच असं नाही. पोट साफ नाही म्हणतात, गुडघा दुखतो म्हणतात, पुढ्यातलं ताट सरकवतात, पहाटे तीनला जागी होतात आणि कोणाला उठवत नाहीत. घरचे म्हणतात, वय झालं. नर्स चार्टवर लिहिते, ‘पेशंट शांत, तक्रार नाही.’ मीच आयुष्यात हजार वेळा लिहिलं असेल.

आणि तेव्हा पुण्यात अशी शांत माणसं वाढत चालली होती. कॉम्प्युटरला दोन हजार साल कळणार नाही, सगळं बंद पडेल, अशी हवा होती. ते दुरुस्त करायला पुण्यातली पोरं भराभर अमेरिकेला निघाली होती. कोणी सहा महिन्यांसाठी, कोणी वर्षासाठी. मागे आई-वडील, कुलूपबंद फ्लॅट आणि बिबवेवाडीसारख्या ठिकाणी नव्याने निघालेले वृद्धाश्रम.

अशातच मी दहा दिवसांचं एक वर्कशॉप करून आले. विषय, वृद्धांचं मानसिक आरोग्य. दहा दिवसांत मी तज्ज्ञ झाले. सर्टिफिकेट लॅमिनेट करून घेतलं. त्यातली कल्पना मात्र खरोखर चांगली होती, मुलींना सहा आठवडे वृद्धाश्रमात पाठवायचं. मी प्रिन्सिपल मॅडमकडे गेले. त्या केरळच्या, पण पुण्यात तीस वर्षं काढून इथल्यांपेक्षा तुटक बोलायला शिकल्या होत्या.

“कल्पना बरी आहे,” त्या म्हणाल्या. “मार्क कसे देणार?”

“मुलींच्या नोंदी वाचून, मॅडम. पेशंटशी कसं बोलतात ते बघून.”

“नोंदी सगळ्याच लिहितात. नर्सिंग कौन्सिलला काय पाठवू, तुझा निबंध? मला आकडा पाहिजे.”

आकडा म्हटल्यावर मी खुलले. वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली, घरातले देव गेले आणि त्या कोनाड्यात बुद्धाची मूर्ती आली. मूर्तीच्या मागे आम्हा पाच भावंडांच्या मार्कशीट असायच्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून. बोपोडीच्या आमच्या दोन खोल्यांतून बाहेर पडायचा रस्ता त्या पिशवीतून जात होता, हे आम्हाला कोणी वेगळं सांगावं लागलं नाही. मार्क खोटं बोलत नाहीत अशी माझी श्रद्धा होती. आता हसू येतं, पण होती.

एका रविवारी बसून मी तक्ता केला. वीस प्रश्न. पहिले दहा डोकं ठिकाणावर आहे का हे बघणारे. आज वार कोणता, आपण कुठे आहोत, पंतप्रधान कोण. पुढचे दहा मनाचे. झोप लागते का, जेवण जातं का, एकटं वाटतं का, जगणं नकोसं वाटतं का. चांगल्या उत्तराला एक मार्क. एकूण वीस. प्रत्येक मुलीला एक पेशंट. मार्क दर आठवड्याला मोजायचे, पहिल्यापासून सहाव्यापर्यंत जितकी वाढ तितके मुलीला मार्क. शेवटी केस प्रेझेंटेशन, म्हणजे परीक्षकांसमोर पेशंटला बसवून सगळं करून दाखवायचं.

नर्सिंग चांगलं तर पेशंट सुधारणार. पेशंट सुधारला तर मार्क वाढणार. मार्क वाढले म्हणजे नर्सिंग चांगलं. माझ्या चपात्यासुद्धा इतक्या गोल कधी झाल्या नाहीत.

पेंडसे बाई पेठेतल्या एका मराठी शाळेत चौतीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेल्या. वय चौऱ्याहत्तर. यजमान गेलेले. एकुलता मुलगा सहा महिन्यांसाठी म्हणून टेक्सासला गेला होता, त्याला आता सव्वा वर्ष झालं होतं. आश्रमात सगळे त्यांना बाईच म्हणायचे. मी त्यांना भेटायला गेले तेव्हा त्यांनी मला खालून वर पाहिलं.

“आपलं आडनाव?”

“गायकवाड.”

“कुठले?”

“बोपोडी.”

“बरं,” म्हणाल्या. त्या ‘बरं’मध्ये काय काय असतं ते मला चांगलं माहीत होतं, त्यामुळे मी पुढचं विचारलंच नाही. तक्ता काढला.

“बाई, आपले पंतप्रधान कोण?”

“का? तुम्हाला माहीत नाही?”

“तसं नाही, हा प्रश्न आहे.”

“प्रश्न आहे ते दिसतंच आहे. आणि हा ‘एकटं वाटतं का’? हाही प्रश्नच आहे, की टोमणा?”

मी हसून सोडून दिलं. आणि त्यांच्यासाठी संगीताला नेमलं.

संगीता वाघोलीच्या पुढच्या एका खेड्यातली. हाताने कामसू, इंग्रजीत कच्ची. तिसऱ्या वर्षात एकदा नापास झालेली. या वेळी गेली तर वडील शिक्षण बंद करून लग्न लावणार होते, मुलगाही बघून ठेवलेला होता. हे सगळ्या हॉस्टेलला माहीत होतं. लवकरच पेंडसे बाईंनाही कळलं, कारण संगीता त्यांच्या केसांना तेल लावताना सगळं बोलायची.

पहिल्या आठवड्यात तिने बाईंचे मार्क लिहिले, अकरा. दुसऱ्या आठवड्यात नऊ.

मी तिला ऑफिसमध्ये बोलावलं. बाकीच्या मुलींचे पेशंट तेरा-चौदाकडे सरकत होते आणि हिचा खाली येत होता.

“हे काय आहे?”

“मॅडम, त्यांनी सांगितलं ते लिहिलंय.”

“पेशंट घसरतोय, संगीता. तू सहा तास तिथे काय करतेस?”

घाबरली की तिची गावची बोली वर यायची. “मॅडम, बाई जेवत न्हाईत. ताटातली भाकरी शेजारच्या आजींना देत्यात. रातच्याला झोप न्हाय त्यास्नी. मी इचारलं जगणं नकोसं वाटतं का, तर हो म्हणल्या. सरळ हो म्हणल्या, मॅडम.”

आता नीट वाचा. एका तिसऱ्या वर्षाच्या मुलीने, जिचं इंग्रजी कच्चं होतं, ते काम केलं होतं ज्यासाठी मी सगळा घाट घातला होता. पेशंट जेवत नाही, झोपत नाही आणि जगणं नको म्हणतो आहे. पहिल्या पानावरची ही बातमी. अशा वेळी ट्यूटरने उठायचं, पेशंटकडे जायचं, डॉक्टरांना फोन करायचा.

मी लाल पेन उचललं. ‘नऊ’भोवती गोल केला आणि बाजूला लिहिलं, ‘असमाधानकारक’.

“म्हातारी माणसं असं बोलतातच,” मी म्हणाले. “हो म्हणाल्या आणि तू लिहून मोकळी झालीस. त्यांचा मूड वर आणणं हे तुझं काम. चार आठवडे आहेत. सुधारणा दाखव.”

“दाखवते, मॅडम,” संगीता म्हणाली.

आणि तिने दाखवली. चौथ्या आठवड्यात सतरा.

मला फार आनंद झाला. मी स्वतः जाऊन बघितलं. पेंडसे बाई जेवणाच्या वेळी शेजारच्या आजींच्या पलंगावर जाऊन बसायला लागल्या होत्या. मी फाइलमध्ये लिहिलं, ‘इतरांत मिसळतात’. त्या तिथे आपली भाकरी द्यायला जात होत्या. त्यांनी आपली शाल आश्रमातल्या आया मंदाताईंना देऊन टाकली, घड्याळ एका मुलीला दिलं. मी लिहिलं, ‘देण्याघेण्याची वृत्ती वाढली’. माणूस आपल्या वस्तू वाटायला लागला की सावध व्हायचं असतं. ते मला वर्कशॉपमध्ये चौथ्या दिवशी शिकवलं होतं. माझ्या वहीत अधोरेखित आहे.

मला बाई आता चांगलं वागवत होत्या. एकदा म्हणाल्या, “चहा घ्या, गायकवाड सिस्टर. माझ्या कपातून घ्या, दुसरा नाहीये.” मी तेही सुधारणेत धरलं. कदाचित ती खरी सुधारणा होती. एवढी एकच.

आश्रमाच्या मॅनेजरकडे एका देणगीदाराने दिलेला कॉम्प्युटर होता. परदेशातल्या मुलांचे ई-मेल त्यावर यायचे, मॅनेजर ते कागदावर छापून शनिवारच्या चहाबरोबर वाटायचे. ते म्हणाले, मॅडम, तुमचे मार्क आपण नातेवाइकांना कळवू या, त्यांनाही बरं वाटेल. मला तर ही आधुनिकता वाटली. मी इंग्रजी मजकूर सांगितला, त्यांनी दोन बोटांनी टाइप केला. ‘युवर मदर हॅज स्कोअर्ड सेव्हन्टीन आउट ऑफ ट्वेन्टी.’ टेक्सासहून दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, थँक्स अ लॉट, बिग रिलीफ.

सहाव्या आठवड्यात प्रेझेंटेशन झालं. त्याचं वर सांगितलंच. बाईंनी वार सांगितला, तिथी पण सांगितली, पंतप्रधान सांगितले. झोप छान लागते, जेवण रुचतं, एकटं वाटत नाही. सतरावा प्रश्न संगीताने खाली मान घालून विचारला. जगणं नकोसं वाटतं का?

“छे,” बाई म्हणाल्या. “अजून पुष्कळ बघायचंय.”

टाळ्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी मंदाताईंचा स्कूलमध्ये फोन आला.

“मॅडम, तुमच्या वीस मार्कवाल्या बाई उठत नाहीत.”

“म्हणजे? झोपल्यात?”

“जाग्या आहेत. भिंतीकडे तोंड करून पडल्यात. परवापासून पाणीपण घेत नाहीत. मी म्हटलं बाई, चहा तरी घ्या, तर म्हणाल्या, आता नको, झालं माझं.”

मी रिक्षा केली. मंदाताईंनी दारातच वजनाची वही पुढे केली. दर सोमवारी त्या सगळ्यांना काट्यावर उभं करायच्या. डॉक्टर पंधरा दिवसांनी येऊन बीपी बघायचे, वही बघायचे नाहीत. एक्केचाळीस, चाळीस, अडतीस, सदतीस, छत्तीस, चौतीस. माझे आकडे वर चढत होते त्याच सहा आठवड्यांत हे खाली उतरत होते. दोन्ही वह्या एकाच इमारतीत होत्या.

“तुम्हाला सांगायचं होतं, मॅडम,” मंदाताई म्हणाल्या. “पण तुमच्याकडे तर मार्क वाढत होते. मला वाटलं, शिकलेल्या माणसांचा काटा वेगळा असेल.”

बाईंना रुग्णालयात हलवायचं ठरलं. रिपोर्ट, औषधाच्या चिठ्ठ्या शोधायला मी त्यांच्या कपाटाचा ड्रॉवर उघडला. आत मुलाच्या ई-मेलची चळत होती. कागद उलटे ठेवलेले. मागच्या कोऱ्या बाजूवर बाईंच्या फळ्यावरच्या अक्षरात माझे वीस प्रश्न उतरवलेले होते. पुढे पट्टीने आखलेले दोन रकाने. एका रकान्याला नाव दिलं होतं ‘खरे’. दुसऱ्याला ‘परीक्षेत’.

झोप लागते का? खरे, नाही. परीक्षेत, हो.
जेवण जातं का? खरे, नाही. परीक्षेत, हो.
एकटं वाटतं का? खरे, हो. परीक्षेत, नाही.

सतराव्या प्रश्नाचं मी सांगत नाही. तुम्हाला कळलं आहे.

खाली बारीक अक्षरात सूचना होत्या. ‘सगळे एकदम बरोबर देऊ नये. चौथ्या आठवड्यात तीन चुका ठेवाव्यात, संशय येत नाही. संगीताने प्रश्न विचारताना माझ्याकडे पाहू नये, तिला रडू येते.’

म्हणजे चार आठवडे त्या बाईंनी एका मुलीची परीक्षेची तयारी करून घेतली होती. त्यांना आयुष्यात जे येत होतं ते शेवटचं काम त्यांनी मन लावून केलं. परीक्षा झाली. काम संपलं. मग त्यांनी पाणी सोडलं.

मी हॉस्टेलवर गेले आणि संगीताला धरलं. आता सांगायला लाज वाटते, पण माझं पहिलं वाक्य होतं, “तू मला फसवलंस.”

ती हातातली वही मिटून उभी राहिली. मग म्हणाली, “मी पयल्यांदा खरंच लिवलं व्हतं, मॅडम. दोनदा. तुम्ही लाल पेनानं गोल केला.”

“मग मला परत येऊन सांगायचं.”

“बाईंना सांगितलं मी, की मॅडम रागावल्या. तर बाई म्हणल्या, अगं वेडे, तुझ्या मॅडमना खरं नकोय, वीस हवेत. वीस देऊ त्यांना. तू पास हो, बाकी माझं मी बघते.” ओढणीने तोंड पुसून ती म्हणाली, “मी म्हटलं व्हतं बाई, तुम्ही जेवा, मग मी पाठ करते. तर माझ्यासमोर दोन घास खायच्या. मला वाटलं, जेवत्यात.”



रुग्णालयात ड्रिप लावली. मानसोपचाराच्या डॉक्टरांनी तपासलं. तरुण होते, सौम्य बोलायचे. म्हणाले, तीव्र डिप्रेशन आहे, या वयात औषधांनी चांगलं सुधारतं. पण औषध लागू पडायला तीन-चार आठवडे लागतात आणि शरीर तेवढं थांबेल असं वाटत नाही.

“महिन्याभरापूर्वी आणल्या असत्या तर बरं झालं असतं, सिस्टर. तेव्हा कोणाच्या लक्षात आलं नाही का?”

“आलं होतं,” मी म्हणाले.

“मग?”

मी सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि केस पेपरवर काहीतरी लिहीत राहिले. वर बघितलं नाही, त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे.

चौथ्या दिवशी दुपारी बाई जरा शुद्धीवर होत्या. मी स्टूल ओढून बसले. फाइल नव्हती, पेन नव्हतं. कसं विचारायचं ते मला कळेना. अठरा वर्षं नर्सिंगमध्ये काढली होती आणि एका म्हाताऱ्या बाईला कसं आहात हे विचारता येईना.

“निकाल लागला का?” त्यांनीच विचारलं.

“लागला. संगीता पास आहे.”

“किती?”

“पहिली आली.”

डोळे मिटून त्या म्हणाल्या, “चौतीस वर्षांत माझी एक मुलगी पहिली आली नव्हती. गणितात कुठे येतात मुली पहिल्या. म्हणजे आम्ही येऊ देत नव्हतो.”

“बाई, तुम्ही मला खरं सांगायला हवं होतं हो.”

“कधी? सांगितलं तेव्हा तुम्ही लाल केलंत.” आवाज अगदी बारीक होता, पण धार गेली नव्हती. “अहो सिस्टर, पेपर कसा काढायचा ते तुम्हाला कोणी शिकवलं नाही का? ‘हो’ म्हटलं की मार्क जातो. मग कोण म्हणेल ‘हो’? तुमचा पेपर तुम्हीच फोडला होता. मी फक्त पोरीला वाचायला मदत केली.”

“तुम्ही बऱ्या व्हाल. औषध आहे याच्यावर.”

“आहे का?” त्यांनी डोळे उघडले. खरोखर आश्चर्य वाटलेलं दिसलं. “याच्यावर औषध आहे?”

“आहे, बाई. चांगलं आहे.”

“हे कोणी सांगितलं नाही,” त्या म्हणाल्या. “मला वाटलं, हे असंच असतं.”

त्यानंतर त्यांनी औषध घेतलं. पाणी घेतलं. संगीताच्या हाताने पेज घेतली, रोज चार-पाच चमचे. म्हणजे त्यांना जगायचं होतं, निदान बघायचं होतं. मला वाटतं तेच सगळ्यात वाईट. आठव्या दिवशी छातीत कफ झाला, ताप चढला. अकराव्या दिवशी सकाळी त्या गेल्या. सर्टिफिकेटवर न्यूमोनिया आहे. ते खोटं नाही. माझ्या तक्त्यातही तसं खोटं काही नव्हतं.

मुलगा दुसऱ्या दिवशी पोचला. चाळिशीचा, विमानातल्याच कपड्यांत. मी ओळख करून दिली.

“गायकवाड मॅडम म्हणजे ते मार्क पाठवणाऱ्या तुम्हीच ना? मी त्या आठवड्यात येणार होतो. तिकीट काढलं होतं. तुमचा सतरा आला, मग ऑफिसमध्ये म्हटलं, घरी सगळं ठीक आहे, डेडलाइननंतर जातो.”

त्याने ते आरोप करायला म्हटलं नव्हतं. नुसतं सांगत होता. मी ड्रॉवरमधले कागद त्याच्या हातात दिले. द्यावेत की नाही यावर प्रिन्सिपल मॅडमचं मत वेगळं होतं. त्याने आधी आपला मेल वाचला, आई कशी आहेस, इकडे फार काम आहे. मग उलटून मागची बाजू. दोन्ही रकाने सावकाश, वरपासून खालपर्यंत. मग घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवले आणि विचारलं, “संगीता कोण?”

मी तिला हाक मारली. दोघं व्हरांड्यात बोलत उभी राहिली. काय बोलली ते मला माहीत नाही, मी गेले नाही.

प्रिन्सिपल मॅडमकडे संगीता स्वतःहून गेली आणि म्हणाली, मला नापास करा. मॅडम म्हणाल्या, रिझल्ट गेला. मी म्हटलं, मग माझ्यावर काहीतरी लिहा. मॅडमनी पेन उचललं.

“लिहिते. पुढच्या बॅचचं पोस्टिंग पण तूच करायचं, असं लिहिते. पळून जायला परवानगी नाही.”

पुढच्या बॅचला मी तक्ता ठेवला, प्रश्न तेच ठेवले. बेरजेचा रकाना काढून टाकला. मार्क पेशंट किती सुधारला याला नाहीत, मुलीने काय शोधून काढलं याला. जी वाईट बातमी आणेल ती पास. आणि बातमी आणल्यावर त्याच दिवशी ट्यूटरने पेशंटपाशी जायचं, नाही गेली तर ट्यूटर नापास. वजनाची वही रोज बघायची आणि मंदाताईंना विचारल्याशिवाय आश्रमातून निघायचं नाही. शिवाय प्रत्येक मुलीने पहिल्याच आठवड्यात पेशंटला एक वाक्य सांगायचं, की मन असं झालं तर त्यावर औषध असतं. एवढं साधं वाक्य. माझ्या वीस प्रश्नांत ते कुठेच नव्हतं. विचारायचं सगळं होतं, सांगायचं काही नव्हतं.

यात चमत्कार काही झाला नाही. नव्या पद्धतीतही मुली वाईट बातम्या बनवून आणू लागल्या. एकीने तर वाट्याला आलेल्या धडधाकट आजोबांना इतकं दुःखी लिहिलं की आजोबाच माझ्याकडे तक्रार घेऊन आले. पण खोटी वाईट बातमी तपासायला गेलं तर फार तर एक फेरी फुकट जाते.

संगीता आज एका मोठ्या रुग्णालयात इनचार्ज आहे. लग्न तिने पुढे आपल्या मर्जीने केलं. दिवाळीला फोन करते. तिने मला माफ केलं का, हे मी विचारलेलं नाही. विचारलं तर ‘हो’ म्हणेल.

परवा थोरल्या भावाच्या नातीने मला डॉक्टरांकडे नेलं. ती हिंजवडीत कॉम्प्युटरवर काहीतरी करते आणि माझी फार काळजी करते. डॉक्टरांनी विचारलं, आजी, झोप लागते का, जेवण जातं का? मी म्हटलं, तुम्हाला कुठल्या रकान्यातलं हवंय? नात बाहेर आल्यावर म्हणाली, आजी, काय गं, किती एम्बॅरसिंग. मग रिक्षात बसल्यावर तिला मी हे सगळं सांगितलं. कोथरूडपर्यंत तिने मोबाइलकडे बघितलं नाही.

निवृत्तीनंतरही नव्या बॅचला एक तास घ्यायला मला बोलावतात. मी ही हकिगत सांगते. मुली भराभर लिहून घेत असतात. सतराव्या प्रश्नापाशी आले की दर वर्षी मागच्या बाकावरून कोणीतरी विचारतं, “मॅडम, हे परीक्षेला आहे का?”

मी ‘नाही’ म्हणते. सगळ्याजणी पेनं खाली ठेवतात. मग वर बघतात, आणि तिथून शिकवायला सुरुवात करता येते.